सिनेमात हरवून जाण्याचा आनंद : तुमचा अनुभव लिहा

२००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि आमच्यासारख्यांचा नोव्हेंबरच बदलला. पण धागा महोत्सवाबद्दल नाही. आपण कुठे बसलोय, उद्या कोणती कामं आहेत, याचा पूर्ण विसर पडला असा सिनेमा तुम्ही कुठे पाहिलात? नुसतं ‘आवडला’ नको. तेव्हा नेमकं काय घडत होतं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. कला अकादमीत एक इराणी चित्रपट पाहत होते. फारसीचं एक अक्षर कळत नाही, त्यामुळे नजर खालच्या ओळींवरच खिळलेली. पडद्यावर म्हातारा बाप मुलीला निरोप द्यायला उठला आणि उगाचच चपला शोधत राहिला. तिथपासून मी ओळी वाचणं कधी सोडलं, मलाच कळलं नाही. आवाजाच्या चढउतारावरून सगळं उमगत होतं. दिवे लागल्यावरही उठवेना.

फोंडा
माझी तंद्री एकटी गेले तरच लागते. सोबत कुणी असलं की त्याला आवडतोय का, याकडेच अर्धं लक्ष!

साखळी
आमच्या वाड्यावर चवथीला व्हिडिओ भाड्याने आणायचे. ओसरीवर टीव्ही, अंगणात सगळा वाडा. पण मला आठवते ती आई. चवथीत तिला बसायला फुरसत कुठली? आदोळीवर नारळ खवता खवता ती दारातून बघायची. एकदा नायिकेच्या घराचा लिलाव चालला होता आणि आईचा हात थांबला. काकी हाक मारतेय, चुलीवर दूध उतू जातंय, तिला पत्ताच नाही. मी सिनेमा सोडून तिच्याकडेच पाहत राहिलो. दिवसभर सगळ्यांची असलेली आई तेवढा वेळ फक्त स्वतःची होती. दूध गेलं, त्याचं कुणालाही वाईट वाटलं नाही.

मडगाव
मामा थिएटरात ऑपरेटर होते. सुट्टीत मला केबिनमध्ये बसवायचे. यंत्राची खडखड, प्रचंड उकाडा, बघायला एवढीशी खिडकी; तरी मी गुंगून जायचो. सेकंदाला रिळावरच्या २४ चौकटी सरकतात आणि प्रत्येक चौकट बदलताना शटर प्रकाश अडवतं, हे त्यांनीच दाखवलं. म्हणजे मधे मधे पडदा काळाच असतो, पण आपल्याला सलग हालचाल दिसते. हे समजल्यावर जादू कमी होईल असं वाटलं होतं. उलट वाढली.

वाळपई
लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा कोकणी सिनेमा ‘पलतडचो मनिस’. २००९ मध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला म्हणून कुतूहलाने गेले होते. जंगलात एकटा राहणारा वनरक्षक, त्याने आसरा दिलेली ती वेडसर बाई आणि तिला नाकारणारा गाव. माणसं आमच्या बोलीभाषेत बोलत होती, रान आमच्या ओळखीचं, त्यामुळे मधे पडदा आहे हे जाणवेचना. गावकऱ्यांचा राग इतका आला की मी खुर्चीतून त्यांच्याशी भांडत होते, चक्क मोठ्याने! शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. त्याही रडत होत्या. घरी येऊन नवऱ्याला अख्खी कथा सांगितली. आता त्यालाही तो पाहायचाय. कुठे दाखवणार असतील तर जरूर कळवा.