हायड्रोजन गाड्या: सरकारी पैसा गाडीवर की पंपावर?

घाटकरी
महाराष्ट्राच्या २०२३च्या हरित हायड्रोजन धोरणात पहिल्या ५०० फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवून चालणाऱ्या) प्रवासी वाहनांना ३० टक्के अनुदान आहे (गाडीमागे कमाल ६० लाख), हायड्रोजन भरण्याच्या पहिल्या २० पंपांनाही ३० टक्के (कमाल साडेचार कोटी). केंद्राने मार्च २०२५मध्ये ३७ बस-ट्रक आणि ९ पंपांना सुमारे २०८ कोटी मंजूर केले, त्यात पुणे-मुंबई मार्गही आहे. एवढ्यावर या गाड्या टिकतील?

अणुरेणू
गाडीचं अनुदान एकदाच मिळतं, हायड्रोजनच्या किलोचा दर रोज मोजावा लागतो. एका किलोला इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) ५०-५५ युनिट खातो. ७ रुपयांची वीज धरा, नुसतं वीजबिलच पावणेचारशेच्या आसपास. शहर बसला १०० किमीला ८ किलो धरले तर ४०० युनिटच्या वर. बॅटरीची बस तेवढंच अंतर दीडशेच्या आत उरकते. शहरात हायड्रोजनचा हट्ट कशाला? लांब पल्ल्याच्या जड ट्रकचं वेगळं, तिथे बॅटरीचं वजन मालाची जागा खातं.

आणि त्या ३७पैकी फ्युएल सेलच्या १५च. बाकी २२ हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाच्या. इंजिन थोडा अशुद्ध गॅस खपवून घेतं. फ्युएल सेलला कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.२ भाग) वर चालत नाही, तो सेलमधल्या प्लॅटिनमवर चिकटून बसतो आणि स्टॅकची, म्हणजे सेलच्या चळतीची, ताकद उतरते.

तिसरा गिअर
खरी मेख पंपात आहे. गॅस दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा डायफ्राम (पडदा) किंवा सील गेलं की पंप बंद, आणि जवळपास दुसरा नसतो. शिवाय भरताना टाकीतला गॅस तापतो, ८५ अंशांच्या वर जाऊ देता येत नाही. ७०० बार दाबाच्या कारसाठी गॅस आधी उणे ४०च्या आसपास थंड करतात. ३५० बारच्या बसला एवढी थंडी लागत नाही, पण मे महिन्यात भरायला वेळ जास्तच लागणार.

घाटकरी
मग अनुदान द्यायचं कसं?

तिसरा गिअर
पंप उभा राहिला की सगळी रक्कम मोकळी करू नये. निम्मी अडकवून ठेवावी, विकलेल्या किलोंवर आणि पंप चालू राहिलेल्या तासांवर सोडावी. राखीव कॉम्प्रेसरची अट घालावी. गॅसच्या शुद्धतेची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून.

बोल्ट किती टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळले याची नोंदही तपासावी. २०१९मध्ये नॉर्वेत सँडविकाजवळच्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला तो उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे बोल्ट नीट आवळले नव्हते म्हणून.