परसातले पाहुणे: तुमचे अनुभव सांगा

गुहागरला आमच्या मागील दारी कपडे वाळत घालायची तार आहे. यंदा फेब्रुवारीत शिंजिराच्या मादीने तिच्या टोकाला घरटं बांधायला घेतलं. पडवीच्या आढ्याची जाळी ती चोचीने गुंडाळून न्यायची आणि त्यात सालीचे तुकडे, सुकी पानं, सावरीचा कापूस चिकटवायची. नर जास्वंदीवर बसून किलबिल करायचा, पण त्याने एकही काडी आणलेली मला दिसली नाही. घरट्याच्या दाराच्या वर तिने इवलीशी वळचणही काढली, अगदी आपल्या घरांना असते तशी. आईने ती उडेपर्यंत पडवीतली जळमटं काढली नाहीत, कपडे पुढच्या अंगणात वाळले. दोन पिल्लं मोठी होऊन गेली.

तुमच्या आगरात, परसात, गॅलरीतल्या कुंड्यांत कोण येतं? सविस्तर लिहा. फोटो नसला तरी चालेल.

*

नागाव, अलिबाग

जूनची पहिली झोड येऊन गेली होती. सकाळी खिडकीच्या काचेवर टप् झालं. बघतो तर पायरीवर तिबोटी खंड्या! चिमणीहूनही लहान. पोट हळदीसारखं पिवळं, चोच लालभडक, पाठीवर जांभळी झाक. डोळे अर्धे मिटलेले. हे पक्षी पावसाच्या तोंडावर कोकणात विणीला येतात आणि वाटेत आपल्या काचा त्यांना दिसत नाहीत.

मुलीने बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आत सुती फडकं घातलं. पाणी पाजायला सगळेच धावले, पण चोचीत ओतलेलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाही. अंधार आणि शांतता, एवढंच. अर्ध्या तासाने आतून खुडखुड ऐकू आली. खोकं सुपारीखाली नेऊन झाकण उघडलं. त्याने दोनदा मान वरखाली केली आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दिशेने सुटला. तिथल्या मातीच्या दरडीत हे खंड्ये बीळ करतात.

त्या खिडकीला आम्ही बाहेरून जुनी मच्छरदाणी ताणून लावली. त्यानंतर एकही पक्षी आपटलेला नाही.

*

मालवणजवळचा गाव

आमच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपट्यात, नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे धामण असते. लहानपणी मी काठी घेऊन गेलो होतो तेव्हा आजीने दारातच अडवलं. "तेका मारू नको रे. तेच्यामुळाच कणगीत भात उरता." आजी गेली, कणगीही गेली, पण धामण आहे. पावसाळा संपला की तिची कात सापडते, हातभर लांब, खवला न् खवला उमटलेला. वहिनी ती मुलांना दाखवायला शाळेत घेऊन गेली.

धामण बिनविषारी, हे खरं. पण लांबून ती आणि नाग यांत गल्लत होते. खात्री नसेल तर जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

*

चिपळूण, दुसरा मजला

कुंडीतल्या लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं. ती अळी होती! पुढे ती हिरवीगार झाली. हात लागताच डोक्यामागून लाल दुशिंगी काढते आणि उग्र वास सोडते. आदल्या वर्षी अशा अळ्या मी वेचून टाकल्या होत्या, त्याचं फार वाईट वाटतं. यंदा झाड तिला देऊन टाकलं. कोषातून राणी पाकोळी निघाली, आपलं राज्य फुलपाखरू. पंख वाळेपर्यंत ती तासभर ग्रिलला धरून होती. काळ्या मखमलीवर निळं, फोटोत तो रंग येतच नाही.

*

श्रीवर्धन

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची वाडी झोपली. सुपाऱ्या एकमेकींवर आडव्या, माड मधून मोडलेले. जिथे भर दुपारी सावली असायची तिथे आभाळ दिसायला लागलं. माणसं नुकसान मोजत होती. मला मात्र पहाटेची शांतता सहन होत नव्हती. रोज साडेपाचला दयाळ पक्षी गायचा, तो बंद झाला होता.

सुपारीच्या रोपांना सावली हवी म्हणून आधी केळी लावल्या. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. वडील म्हणायचे, मी आता ती बघणार नाही. मोडलेल्या माडाचा एक खुंट काढायचा राहून गेला होता. त्याला सुतार पक्ष्याने भोक पाडलं. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी पाटाला पाणी सोडायला उठलो, तर खुंटाच्या टोकावर काळा-पांढरा दयाळ, शेपटी वर करून शीळ घालत होता. भोकात मादी होती.

वडिलांना हाताला धरून वाडीत आणलं. ते केळीच्या आळ्यापाशी चपला काढून बसले आणि उजाडेपर्यंत ऐकत राहिले.

*

वेंगुर्ले

श्रीवर्धनकर, तो खुंट ठेवाच. आमच्या कुंपणातला उंबर असाच वाचला. कौलांवर फांदी येते म्हणून तोडायला माणूस बोलावला होता, आणि त्याच सकाळी धनेशाची जोडी उंबरं खायला उतरली. फक्त फांदी छाटून घेतली. जोडी अजून येते.