अनुभव धागा: आवडत्या ब्लॉगलेखकाला बिनपैशाची दाद कशी देता?

ब्लॉग वाचणारे आपण बहुतेक जण अबोल. लेख आवडला की मनातल्या मनात मान डोलावतो आणि पुढच्या पानावर जातो. लिहिणाऱ्याला पलीकडे दिसतो तो फक्त आकडा: आज इतक्यांनी पान उघडलं. कुणी शेवटपर्यंत वाचलं, कुणाच्या उपयोगी पडलं, हे त्यात कुठे कळतं? पैसे देणं हा वेगळा विषय, तो इथे नको. खिशात हात न घालता तुम्ही कुणाला दाद दिली असेल, किंवा तुम्ही स्वतः लिहीत असाल आणि एखाद्या वाचकाची दाद लक्षात राहिली असेल, तर सविस्तर सांगा. 'मी लाइक करतो' हे गृहीत धरलंय, त्यापुढचं लिहा.

कोरी वही: मी स्प्रेडशीटच्या युक्त्यांवर लिहिते. विषय रुक्ष, त्यामुळे 'छान', 'उपयुक्त' आणि अंगठा यांपलीकडे फारसं काही येत नाही. मागे दोन तारखांमधलं अंतर काढायच्या सूत्रावर लिहिलं होतं. त्यावर एकाची मेल आली: 'सूत्र वापरलं. २९ फेब्रुवारीला अडतं का ते मुद्दाम तपासलं, नाही अडत. आमच्या विभागाचा रजेचा तक्ता आता आपोआप भरतो. फक्त मोबाइलवर सूत्राची ओळ अर्धी कापली जाते, तेवढं बघा.' कौतुकाचा एक शब्द नाही बघा या मेलमध्ये! पण माणसाने लीप वर्ष तपासलं म्हणजे किती मन लावून वाचलं असेल. ती मेल मी अजून जपून ठेवली आहे.

चष्मेवाली: आईला आता स्क्रीनवरचं वाचवत नाही, म्हणून रात्री मी तिला लेख वाचून दाखवते. झाडापानांवर लिहिणाऱ्या एका बाई तिच्या विशेष आवडत्या. ती मध्येच थांबवते, 'थांब, हे पान समोरासमोर येतं की एकाआड एक?' असले प्रश्न विचारते. मी ते जसेच्या तसे लेखाखाली टाकते, आईने विचारलंय असं सांगून. बाईंनी एकदा उत्तरादाखल देठाजवळून काढलेला फोटोच टाकला, आणि पुढच्या लेखापासून पानांची मांडणी आपणहून लिहायला लागल्या. माझ्या 'सुंदर लेख'ने हे झालं नसतं.

सावकाश वाचणारा: मी फीडवाला, म्हणजे आवडत्या ब्लॉगांचे नवे लेख आपोआप एका जागी गोळा करून तिथेच वाचणारा. २०१३ मध्ये गूगल रीडर हे फीड वाचायचं साधन बंद झालं तेव्हा अनेकांनी फीड संपलंच असं धरलं, पण फीड अजून आहे आणि बहुतेक ब्लॉगांना आपसूक असतं. गोम अशी की फीडमध्ये पूर्ण लेख येत असेल तर मी मूळ पान उघडतच नाही, त्यामुळे लेखकाच्या आकडेवारीत माझ्यासारखे सहसा नसतातच. म्हणून अधूनमधून पानावर जाऊन दोन ओळी लिहितो. आणि हो, मेलने लेख पाठवणारे असतील तर त्या मेलला उत्तर द्या. स्पॅममध्ये पडली असेल तर 'स्पॅम नाही' म्हणून बाहेर काढा. पुढच्या मेल नीट पोचायला त्याने मदत होते.

मूळ मालकीण: माझं दुखणं वेगळं. बाळाच्या झोपेवर मी लिहिलेला लेख एका नातेवाइकाने मलाच व्हॉट्सॲपवर पाठवला, 'जरूर वाच' म्हणून. खाली नाव 'अज्ञात', आणि शेवटी कुठल्या तरी चारोळीचं शेपूट! २०१८ पासून अशा संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी पाटी लागते, पण मूळ कुणाचं ते ती पाटी सांगत नाही. नाव गेल्याचा राग महिनाभरात ओसरतो हो. खरी अडचण अशी की मूळ लेखात मी नंतर बरीच भर घातली आहे आणि ती त्या फिरत्या प्रतीपर्यंत कधीच पोचणार नाही. उलट एका वाचकाने काय केलं, तर आपल्या गटात लेखाचा दुवा दिला आणि वर लिहिलं, 'पहिले तीन परिच्छेद सोडलेत तरी चालेल, रात्रीच्या जागरणाचा भाग वाचा.' त्या दुव्यावरून आलेल्यांनी प्रश्न विचारले, दोघींनी आपले अनुभव लिहिले. शेअर करावं ते असं. पहिले तीन परिच्छेद पाल्हाळ आहेत हेही त्यातून कळलं, ते सोडा.

खडूस: दाद म्हणून सल्ले देऊ नका, एवढंच म्हणतो. 'याचं पुस्तक काढा', 'रोज लिहीत जा', 'व्हिडिओ करा, जास्त चालेल'. रोज लिहायला घरी कारकून बसवलाय का? आणि 'अप्रतिम! माझाही ब्लॉग वाचा' ही दाद नव्हे, जाहिरात.

दुवेदार: खडूस, दुसऱ्याच्या ब्लॉगचा उल्लेख स्वतःच्या लेखात दुवा देऊन केला, तर ते मात्र चालेल ना? माझ्या मते लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्याला द्यायची हीच सर्वांत टिकाऊ दाद. बाहेरून येणाऱ्या दुव्यांवरून पानाचं वजन ठरवायची पद्धत गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये पेजरँक नावाने मांडली. आज शोधयंत्रं इतर बरंच काही बघतात, पण दुवे अजून मोजतात. फक्त 'इथे पाहा' या शब्दांवर दुवा लावू नका. 'मधमाश्यांच्या नाचाबद्दलचा लेख' असे विषय सांगणारे शब्द घ्या. मी असा दुवा दिला की लेखकाला दोन ओळींची मेलही टाकतो: तुमच्या कुठल्या मुद्द्यावरून मला काय सुचलं ते. एकाने उत्तरात माझा मुद्दा पार खोडून काढला. तेव्हापासून आमचं छान जमतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. बंद पडलेल्या ब्लॉगांचं काय? दाद द्यायला कुणी जागेवरच नसतं.

पानं जपणारा: इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबवरची पानं साठवते आणि तिचं वेबॅक मशीन हे जुन्या प्रती दाखवणारं संकेतस्थळ २००१ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे पानाचा पत्ता दिला की त्या दिवशीची प्रत साठवता येते, फुकट. एका प्रवासलेखिकेचे मला आवडलेले लेख मी असेच साठवत गेलो. पुढे त्यांचं संकेतस्थळ नूतनीकरणाअभावी गेलं आणि त्यांच्याकडे स्वतःची एकही प्रत नव्हती. मी जुने पत्ते पाठवले, आता त्या एकेक लेख नव्या जागी आणताहेत. मात्र लेखकाने स्वतःहून काही काढून टाकलं असेल तर त्याला विचारल्याशिवाय जुनी प्रत फिरवू नये. आणि लेखाखालचे प्रतिसाद वेगळ्या सेवेवरून येत असतील तर ते बरेचदा त्या प्रतीत उतरत नाहीत. कोरी वहींच्या मेलसारखं काही प्रतिसादात असेल तर ते तेवढं हाताने उतरवून घ्या.