मदत हवी आहे: एकाच खोलीत देव्हारा आणि मृतांची वेदी, कसं जमवू?

नमस्कार मंडळी. लालबागला चाळीत राहते, खोली दहा बाय बाराची, सोबत आई. दोन वर्षं विचक्राफ्ट शिकतेय, त्यातही मृत्यू आणि पूर्वजांशी जोडलेला भाग. करणी वगैरे काही नाही, गेलेल्यांजवळ थोडा वेळ बसायचं असतं. ३१ ऑक्टोबरच्या साविनपर्यंत (Samhain, विचक्राफ्टमधला गेलेल्यांना आठवायचा सण) वेदी मांडायची आहे.

मधोमध आजीचा अडकित्ता ठेवणार. त्याच्या खाचेत अजून सुपारीचा भुगा आहे, तो मी पुसलेला नाही. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी झेंडू मांडतात, तो दादरच्या फुलबाजारातून आणेन.

अडलंय ते जागेवर. मोकळी भिंत एकच, तिथे आईचा देव्हारा. गेलेल्यांचे फोटो देवांजवळ नकोत म्हणते, आणि मला तिचं मन मोडायचं नाही. कपाटाचा कप्पा चालेल का? आत मेणबत्ती लावणं धोक्याचं, मग नुसता पाण्याचा पेला पुरेल? वेदीवर ठेवायला स्मशानातली माती आणायला मन धजत नाही. आजीच्या तुळशीतली घेतली तर? छोट्या घरात ज्यांनी हे मांडलंय त्यांनी प्लीज सांगा.