पॉलिशवाल्याकडे देण्याआधी चुंबक लावून बघा

बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यातला टब आणि नळ ‘सगळंच बफिंग (फिरत्या चाकावर घासून पॉलिश) करून चकचकीत करावं का’, असं ताईंनी विचारलंय. कृपा करून घाई करू नका. आधी चुंबक लावा. टबाला चिकटला तर तो ओतीव लोखंडाचा किंवा पत्र्याचा, वर भाजलेलं एनॅमल, म्हणजे काचेसारखा थर. ते साधारण ८०० अंशांना भट्टीत बसतं. घरी येऊन एनॅमल म्हणून मारतात तो नुसता इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा रंग. काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात. कोपऱ्यात टवका उडाला असेल तर तेवढाच भरून घ्या. आणि ॲसिड अजिबात नको, एनॅमलची झिलई कायमची जाते.

नळांना चुंबक चिकटला नाही तर बहुधा पितळ. वरचा निकेल-क्रोमचा मुलामा उडाला असेल तर पुन्हा प्लेटिंग होतं, उद्यमबागेतल्या कारखान्यांत चौकशी करा. पण पितळेवर गुलाबी डाग दिसले तर जस्त निघून गेलंय, धातू ठिसूळ झालाय. तिथे प्लेटिंगचा खर्च वाया. नुसतं काळवंडलेलं पितळ असेल तर चिंच-मीठ पुरे, लगेच धुऊन कोरडं पुसायचं.

तांब्याचा बंब मात्र बफिंगला देऊच नका, पत्रा झिजतो. गळत असेल तर डाख लावून घ्या.