डाउनहिलसाठी एल्बो पॅड: मऊ स्लीव्ह की कडक वाटीवाले?

टेकडीपल्याड:

नमस्कार मंडळी. एल्बो पॅड घ्यायचे आहेत आणि दोन प्रकारांमध्ये अडकलोय. सगळी माहिती एकदमच देतो.

माउंटन बाइक आहे, १६० मिमीची फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना शॉक, १६० मिमी दबणारे). ट्रेल पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरचे: खाली कडक जमीन, वर सुटा मुरूम, मधूनमधून धारदार काळा दगड. लिफ्ट वगैरे काही नाही, चढ पेडल मारूनच चढायचा, त्यामुळे पॅड सलग दोन-अडीच तास हातावर राहतात आणि मार्च ते मे ऊन मी म्हणतं. फुल-फेस हेल्मेट, नी पॅड, पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज आहेत.

एक पर्याय मऊ स्लीव्हचा: मोज्यासारखी चढवायची, कोपरावर डी३ओसारखं लवचीक पॅड. दुसरा कडक प्लास्टिकच्या वाटीचा, आत फोम, वर-खाली वेल्क्रोचे पट्टे. हात थोडा वाकवून कोपरापासून १० सेंमी वर दंडाचा घेर २९ सेंमी भरतो आणि १० सेंमी खाली फोरआर्मचा २५. स्लीव्हच्या तक्त्यात दंडाच्या मापाने एम येतो, फोरआर्मच्या मापाने एस. कुठलं माप धरायचं?

आत्ताचे जुने पॅड लांब उतारावर मनगटाकडे घसरतात आणि अर्ध्या तासाने करंगळीला मुंग्या येतात. तेच पुन्हा पैसे देऊन आणायचं नाही.

मुरूमवाट:

आधी जमीन बघा, मग पॅड. कडक जमिनीवर सुटा मुरूम म्हणजे गोट्यांवरून चालणं. पुढचं चाक सुटतं, माणूस बाजूला पडतो आणि फोरआर्मच्या बाहेरच्या कडेवर घसरत जातो. अशा पडण्यात हाड मोडण्यापेक्षा सालटं निघणं जास्त. कोपराच्या टोकावर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच, फक्त पातळ द्रवाची पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. जखमेतून जंतू आत गेले की ती पिशवी सुजते आणि ते दुखणं आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणून तुमच्या ट्रेलला सगळ्यात महत्त्वाचं काय, तर झाकलेली जागा किती आणि पॅड जागेवर राहतं का. मार सोसण्याची ताकद त्यानंतर.

आता झाकलेली जागा. बरेच पॅड नुसतं कोपराचं टोक झाकतात. तुम्हाला टोकापासून करंगळीच्या बाजूच्या हाडावरून निदान ८-१० सेंमी खालपर्यंत फोम किंवा जाड, न फाटणारं कापड आलेलं हवं. ट्रेलवर खरचटतं ते तिथेच.

कडक वाटीचे फायदे दोन. टोकदार दगड एका बिंदूवर लागला तर वाटी तो मार पसरवते, आणि ती जमिनीवरून घसरते, अडकत नाही. मऊ स्लीव्हचं कापड खडबडीत जमिनीला धरतं, शरीर पुढे जातं, पॅड मागे राहतं आणि नेमकं टोक उघडं पडतं. यावर साधा उपाय आहे: स्लीव्ह फुल बाह्यांच्या जर्सीच्या आत घाला. जमीन जर्सीला धरते, जर्सी पॅडवरून सरकते, पॅड जागेवर राहतं. जर्सी फाटेल, फाटू द्या.

दोन-अडीच तास पेडल मारायचं, तेही उन्हात, म्हटल्यावर मी मऊ स्लीव्हच सांगेन. कडक वाटीचे पॅड माणूस चढावर काढून बॅगेला लटकवतो आणि वर पोचल्यावर 'एवढ्याशा उताराला कशाला' म्हणून घालत नाही. नुसता दगडधोंड्यांचा, ड्रॉपचा (उंच कड्यावरून सायकलसकट खाली उतरायचा) ट्रेल असता आणि गाडीने वर जाऊन फक्त उतरायचं असतं, तर वाटीवाले म्हणालो असतो.

लेबल वाचायला शिका. पाकिटावरच्या नुसत्या 'सीई' (युरोपच्या नियमांत बसतं अशी खूण) या अक्षरांवरून पॅड किती मार सोसतं ते कळत नाही. आतल्या पॅडवर छापलेलं किंवा शिवलेलं 'ईएन १६२१-१' शोधा. हे मानक मुळात मोटरसायकलवाल्यांचं, पण सायकलचे चांगले पॅडही त्याच कसोटीवर तपासतात. चाचणीत लोखंडी ऐरणीवर पॅड ठेवून त्यावर साधारण ५ किलोचं वजन सुमारे १ मीटरवरून टाकतात, म्हणजे ५० जूलचा मार. खाली पोचणारं सरासरी बल ३५ किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल १, २० च्या आत राहिलं तर लेव्हल २. शेजारी ई हे अक्षर म्हणजे एल्बो. ए किंवा बी हा झाकलेल्या जागेचा प्रकार, त्यात ए लहान आणि बी मोठा. म्हणजे लेव्हल २, प्रकार ए असं पॅड भारी वाटतं, पण जागा कमी झाकतं. तुम्हाला लेव्हल १, प्रकार बी जास्त उपयोगी.

'ईएन १४१२०' दिसलं तर ते स्केटिंगच्या पॅडचं मानक आहे. सपाट रस्त्यावर ठीक, डाउनहिलला नको.

उलना:

करंगळीच्या मुंग्यांबद्दल लिहिते, कारण नवे पॅड घेऊनही त्या तशाच राहू शकतात.

कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे हात खाली सोडून तळवा पुढे केला की अंगाकडे येते त्या बाजूला, हाडाचा एक उंचवटा आहे. तो आणि कोपराचं टोक यांच्यामधल्या खाचेतून अल्नर नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. कोपर कुठेतरी आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही. कोपर वाकवलं की ती खाच आणखी अरुंद होते, आणि उतारावर आपण कोपर वाकवूनच उभे असतो. पॅडची आतली शिवण, वाटीची कड किंवा पट्ट्याचं बक्कल त्या खाचेवर आलं की करंगळी आणि अनामिका बधिर होणारच. त्यामुळे पॅड घालून कोपर ९० अंशांत वाकवा आणि त्या खाचेवर बोट फिरवून बघा. तिथे फक्त कापड लागलं पाहिजे, कड नाही.

पण तीच नस पुढे मनगटातून जाते आणि हँडलबारच्या दाबानेही त्याच दोन बोटांना मुंग्या येतात. ओळखायची खूण अशी: मुंग्या तळहाताबरोबर हाताच्या पाठीवरही, करंगळीच्या बाजूला, येत असतील तर दाब मनगटाच्या वर कुठेतरी आहे, बहुधा कोपरावर. हाताच्या पाठीला काही नाही आणि फक्त बोटं व तळव्याची कड बधिर होत असेल, तर ग्रिपची जाडी आणि ब्रेक लिव्हरचा कोन बघा, पॅड बदलून फरक पडणार नाही. राईड संपल्यावर तासा-दोन तासांनीही बधिरपणा उरत असेल किंवा बोटांची पकड कमी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात चालढकल करू नका.

आणखी एक. हात पुढे टेकवून पडलं की मनगट, गळपट्टीचं हाड किंवा कोपरातल्या रेडियस हाडाचं डोकं मोडतं. तो मार तळव्यातून वर चढतो, त्यामुळे कोणतंही एल्बो पॅड तो थांबवू शकत नाही. पडल्यावर कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर पॅड घातलं होतं म्हणून निर्धास्त राहू नका, एक्स-रे काढा.

टेकडीपल्याड:

उलनाताई, हाताच्या पाठीवरही मुंग्या येतात. म्हणजे पॅडच. जुन्या पॅडची वाटी नेमकी त्या खाचेवर येते, आत्ता हात लावून बघितलं.

मुरूमवाट, मग माप एस की एम? आणि डी३ओ उन्हात मऊ पडतं असं ऐकलंय, त्यात तथ्य आहे का?

उत्तरउतार:

मापाचं मुरूमवाट सांगतीलच, मी तापमानाचं सांगतो. मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात असतो, इथे प्रश्न उलटा आहे. डी३ओ, सास-टेक, पोरॉन एक्सआरडी ही सगळी आघाताच्या वेगानुसार वागणारी द्रव्यं आहेत. हळू दाबलं तर मऊ राहतात, झटक्यात मार बसला की घट्ट होतात. थंडीत ती मुळातच ताठ होतात, सप्टेंबरच्या सकाळी पॅड पुठ्ठ्यासारखं लागतं आणि कोपराला नीट बसत नाही. उन्हात मऊ होतात हेही खरं. म्हणूनच ईएन १६२१-१ मध्ये दोन ऐच्छिक चाचण्या आहेत: लेबलवर टी+ असेल तर पॅड ४० अंशांना तपासलंय, टी- असेल तर उणे १० ला. पुण्याच्या उन्हाळ्याला टी+ बघून घ्या. आणि पॅड उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथलं तापमान ४० च्या कितीतरी वर जातं.

कडक वाटीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं. व्हिस्लरसारख्या बाइक पार्कात लिफ्टने दिवसभर फेऱ्या होतात, ब्रेकिंग बंप्सनी (सगळ्यांच्या ब्रेकमुळे वाटेवर पडलेल्या उंचवट्यांनी) हात आंबतात आणि थकलेला माणूस शेवटच्या दोन फेऱ्यांत जास्त पडतो. तिथे खालचा पट्टा घट्ट असेल तर फोरआर्मचे फुगलेले स्नायू आवळले जातात आणि ब्रेकवरची पकड सुटते. वेल्क्रोचा पट्टा एका बोटाने सैल करता येतो, स्लीव्हचं इलॅस्टिक करता येत नाही. तेव्हा स्लीव्ह घ्या, पण निदान वरच्या टोकाला पट्टा असलेली, आणि खालचं तोंड रुंद, मऊ इलॅस्टिकचं. कधी इकडे यायचं झालं तर पार्कातल्या दुकानांत पॅड भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी दोन प्रकार दोन दिवस वापरून बघता येतात.

मुरूमवाट:

वर पट्टा आणि खाली मऊ इलॅस्टिक, हे पटलं. तसंच घ्या.

मापाचं: दोन मापांच्या मध्ये असाल तर आधी लहान घालून बघा. फोरआर्म मनगटाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे सैल पॅडला खाली घसरायला वाटच मोकळी असते. इलॅस्टिक पहिल्या महिन्यात थोडं सैलावतंही. पण दंडावर एस फार आवळत असेल तर एम घ्यावा लागेल, म्हणून दुकानात ही परीक्षा घ्या:

घालून १० मिनिटं तसंच राहा. मग कोपरं बाहेर काढून उतारावरच्या पवित्र्यात उभे राहा, दुकानात सायकल असेल तर हँडलबार धरूनच. दुसऱ्या हाताने पॅड धरून मनगटाकडे जोरात ओढा, मग डावी-उजवीकडे फिरवा. पॅडचा मधला खोलगट भाग कोपराच्या टोकावरून बोटभर जरी सरकला तरी ते पॅड तुमचं नाही. हात २० वेळा पूर्ण वाकवा आणि सरळ करा, कोपराच्या घडीत कापडाची गुंडाळी होते का बघा. तिथे गोल किंवा अंडाकृती खिडकी कापलेली असेल तर उत्तम, नसेल तर दोन तासांत घामाने कातडी सोलवटते. शेवटी बोटं: नखांचा रंग, गारपणा, मुंग्या. बोटं गार पडली तर माप लहान आहे. आणि पॅडवरची डावं-उजवं अशी खूण बघा, उलटं घातलं की आतली कड बरोबर त्या नसेवर येते.

ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची सोय बघूनच घ्या आणि घरात हे सगळं करेपर्यंत टॅग तोडू नका.

सुईदोरा:

घसरण्याचं एक कारण राहिलं. आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांवर सनस्क्रीन, तेल आणि धूळ बसली की त्या पकडत नाहीत. दंडावर जिथे पट्टी येते तिथे सनस्क्रीन लावू नका. पट्ट्या दर दोन-तीन राईडनंतर जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने घासा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर सिलिकॉनवर बसतो आणि मग ब्रशनेही नीट निघत नाही.

धुताना आतलं पॅड निघत असेल तर काढा, वेल्क्रो बंद करा, थंड पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. मशीनच्या ड्रायरच्या उष्णतेने इलॅस्टिक मरतं. वास जात नसेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, त्यात अर्धा तास फक्त स्लीव्ह भिजवा आणि मग नेहमीसारखी धुवा. पावसाळ्यात पॅड ओले बॅगेत राहिले तर दोन दिवसांत बुरशी धरते. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा आत कोंबून पंख्याखाली ठेवा.

टाकून कधी द्यायचं? हेल्मेटचा थर्माकोलसारखा फोम एका जोरदार मारानंतर बाद होतो, पॅडचं तसं नसतं, ते बरेच मार सोसतात. अंगठ्याने दाबून बघा. खळगा भरून आला तर ठीक. तसाच राहिला, फोमला चीर गेली किंवा वाटीला तडा गेला तर बदला. नुसती शिवण उसवली असेल तर जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टाके घाला, फक्त गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा, आतली गाठ तासाभरात टोचायला लागते.

टेकडीपल्याड:

ठरलं: मऊ स्लीव्ह, वर पट्टा, लेव्हल १ प्रकार बी, टी+ असेल तर आणखी बरं. आधी एस घालून बघतो. जर्सीची बाही अरुंद आहे, त्यावरून पॅड अडकेल का?

मुरूमवाट:

अडकेल. पॅड घालून बाहीतून हात घाला आणि कोपर वाकवा. बाही मनगटावरून चार बोटं वर चढली तर जर्सी एक माप मोठी घ्या. आधी पॅड आणा, मग तेच घालून जर्सी बघायला जा.