द्रुत लयीची गाणी आणि गाडीचा वाढता वेग

प्रश्न – वाटसरू
माझ्या मुलाला नुकताच वाहन चालवण्याचा परवाना मिळाला आहे. एरवी तो जपून चालवतो. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ढोल-ताशाचे रीमिक्स लागले, की त्याची बोटे स्टिअरिंगवर ताल धरतात आणि काटा १०० ची मर्यादा कधी ओलांडतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. गाणे संपले की वेग आपसूक उतरतो. लय आणि वेग यांचा खरोखरच संबंध असतो काय? गाणी पूर्ण बंद करायला सांगावे का?

उत्तर – अभ्यासू
संबंध नक्की आहे. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाचे वॉरेन ब्रॉडस्की यांनी सिम्युलेटरवर (गाडी चालवण्याचा आभासी अनुभव देणाऱ्या यंत्रावर) गाडी चालवणाऱ्यांना निरनिराळ्या लयींचे संगीत ऐकवले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार लय वाढली तसा वेगही वाढला आणि मिनिटाला १२० हून अधिक ठोके असलेल्या संगीताच्या वेळी लाल दिवा न जुमानण्याचे व मार्गिका सोडण्याचे प्रमाण जास्त होते. २०१३ चा त्यांचा दुसरा अभ्यास तर आपल्या मुलासारख्या नवशिक्या तरुणांवर, प्रत्यक्ष रस्त्यावर झाला. त्यात स्वतःच्या आवडीची गाणी लावल्यावर चुका अधिक झाल्या, तर मुद्दाम तयार केलेल्या सौम्य संगीताने वाहन चालवणे सुधारले. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा गाण्यांची निवड बदलणे मला योग्य वाटते.

उत्तर – तालप्रेमी
वरील मताशी मी सहमत आहे, पण केवळ ठोके मोजून भागणार नाही. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचे सलग जलद वादन, सुरू झाली आणि पथकाने लय चढवत नेली, की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागतात. त्या वादनाचा हेतूच तो असतो. गाडीत त्याच पायाखाली ॲक्सिलरेटर असतो. म्हणून एकाच मध्य लयीत शेवटपर्यंत चालणारी गाणी निवडावीत. सुरुवात संथ असून पुढे द्रुत होत जाणारी रचना प्रवासात नकोच.

उत्तर – घाटमाथा
नव्या चालकांना शिकवत असल्यामुळे आवाजाविषयीही सांगणे मला आवश्यक वाटते. टायरची घरघर, वाऱ्याचा आवाज आणि इंजिनाचा चढता सूर यांवरून वेगाचा अंदाज येतो. मोठ्या आवाजातील गाण्याखाली हे सारे बुडून जाते. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते, आणि वेग १२० झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळजवळ दीडपट होते. मागच्या गाडीचा हॉर्न स्पष्ट ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा, यादी निघण्यापूर्वीच लावून ठेवावी आणि वेगमर्यादा आणखी कमी असलेल्या खंडाळ्याच्या घाटात संगीत बंद करावे. झोप येऊ लागल्यास आवाज वाढवणे हा उपाय नव्हे. अशा वेळी फूड मॉलवर गाडी थांबवून विश्रांती घ्यावी, हे त्याला आवर्जून सांगा.